नोल्डेचं 'शेवटचं भोजन' (१९०९): अभ्यासप्रत करताना पिवळा मळतो, चेहरे मुखवट्यासारखे होतात. क्रम काय ठेवावा?

कोरा_कॅनव्हास

नमस्कार मंडळी. जर्मन चित्रकार एमिल नोल्डेच्या १९०९ च्या 'शेवटचं भोजन' या चित्राची तैलरंगात अभ्यासप्रत करायची आहे. चार गोष्टींवर अडलं आहे.

१. कॅनव्हास किती मोठा घ्यावा?
२. मधला येशूचा चेहरा पिवळा आणि उजळ आहे. त्याच्या शेजारी गडद रंग लावले की पिवळा लगेच मळतो. आधी काय रंगवावं, नंतर काय?
३. शिष्यांचे चेहरे मुखवटे वाटू लागतात. मूळ चित्रात ते विरूपित असूनही जिवंत आहेत.
४. चित्रात खोली नाही, टेबल जवळजवळ नाही, जेवणाचे पदार्थ नाहीत. हे असं का? मोकळ्या जागी काय भरायचं?

छापील पुस्तकात आणि पडद्यावर रंग वेगवेगळे दिसतात. कशावर विश्वास ठेवावा, हेही सांगा.

तैलपट

आकाराचं आधी, कारण ते सोपं आहे. मूळ चित्र सुमारे ८६ × १०७ सेंटिमीटर आहे. ४० × ५० सेंटिमीटरचा तयार कॅनव्हास त्या प्रमाणात जवळजवळ तंतोतंत बसतो. रुंदी ५० धरली तर उंची ४०.२ येते, म्हणजे वरखाली मिळून २ मिलिमीटर सोडायचे. संदर्भाचं चित्र २० × २५ मध्ये छापून घ्या आणि त्यावर ५ सेंटिमीटरचे चौकोन आखा. कॅनव्हासवर १० सेंटिमीटरचे. दोन्हीकडे २० चौकोन होतात. याहून बारीक जाळी आखू नका. चौकोन लहान झाले की हात एकेका नाकडोळ्यात अडकतो आणि डोक्यांची गर्दी एकसंध उतरत नाही. या चित्राचा सगळा जोर त्या गर्दीत आहे.

रेखाटन कोळशाने करू नका. कोळशाची भुकटी सुटी राहते आणि ओल्या पिवळ्यात मिसळली की पिवळा हिरवट काळपट होतो. अल्ट्रामरीन निळ्यामध्येही नको, कारण पिवळ्याखाली तोच त्रास होतो. यलो ऑकर (मातकट पिवळा) टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून बारीक ब्रशने आखा. ती रेषा पुढे कुठल्याही रंगात निमूटपणे विरघळते.

आता पिवळ्याचा मुख्य प्रश्न. तो मळण्याची तीन वेगळी कारणं असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

पहिलं, विरोधी रंगांची ओल्यात गाठ पडते. पिवळ्याशेजारी जांभळट निळा, लालशेजारी हिरवा. हे रंग शेजारी ठेवले तर एकमेकांना उजळवतात, एकमेकांत मिसळले तर करडे होतात. जाड रंगात ब्रशची एक ओढ सीमेपलीकडे गेली की काम बिघडतं. म्हणून दोन ओल्या रंगांमध्ये २ ते ३ मिलिमीटर कोरी पट्टी सोडा. सगळं स्पर्शाला सुकल्यावर ती पट्टी दोघांपैकी गडद रंगाने बुजवा. फिक्या रंगाने बुजवायला गेलात तर खालचा गडद रंग डोकावतो.

दुसरं, पिवळा गडद थरावर चढवला जातो. कॅडमियम यलो झाकणारा रंग आहे, तरी काळ्या किंवा गडद निळ्या थरावर तो हिरवट दिसतोच. येशूचा चेहरा आणि पांढरा झगा थेट कोऱ्या पांढऱ्या प्रायमरवर (कॅनव्हासच्या तयार पांढऱ्या पायावर) रंगवा. पूर्ण कॅनव्हासला तपकिरी अस्तर देण्याची जी सवय असते, ती इथे मोडा. पांढरा पाया खालून उजेड परत पाठवतो, म्हणून पिवळा पेटल्यासारखा दिसतो.

तिसरं कारण पॅलेटवरच असतं. प्रशियन ब्लू फार जोरकस रंग आहे. ब्रशच्या मुळाशी राहिलेला त्याचा ठिपका पिवळ्याचा पूर्ण ढीग हिरवा करतो. चेहरे संपेपर्यंत तो पॅलेटवर काढूच नका. ब्रश तीन गटांत वाटा: पिवळे-पांढरे, लाल-नारिंगी, निळे-हिरवे. एका गटाचा ब्रश दुसऱ्या गटात धुऊनही नेऊ नका, कारण धुतलेल्या ब्रशच्या केसांत टर्पेंटाइन उरतं आणि जाड रंग तिथेच ढिला पडतो.

क्रम असा ठेवा. आधी चेहरा आणि दोन्ही हात, मग पांढरा झगा, मग आतलं लाल वस्त्र, मग अगदी लगतची डोकी, आणि शेवटी कडेचे गडद रंग. म्हणजे मधून बाहेर, उजेडाकडून अंधाराकडे. जाड तैलरंगात बरेच जण उलटं करतात, अंधार आधी घालून वर उजेड चढवतात. त्या पद्धतीला कारणं आहेत, पण ती दिव्याच्या किंवा खिडकीच्या प्रकाशातल्या चित्रांसाठी. या चित्रात दिवा नाही, खिडकी नाही. पिवळा आणि लाल हेच प्रकाशाचं उगमस्थान आहे, त्यामुळे छाया-प्रकाशाच्या नियमाने गोलाई आणायला गेलात की चित्र विझतं.

रंग इतकेच पुरे: कॅडमियम यलो लाइट, यलो ऑकर, कॅडमियम रेड, अलिझरिन क्रिमसन (गडद लाल) किंवा त्याऐवजी टिकाऊ क्विनॅक्रिडोन, व्हिरिडियन (थंड हिरवा), अल्ट्रामरीन, शेवटच्या टप्प्यात प्रशियन ब्लू, आणि टायटॅनियम व्हाइट. काळा नको. गडद हवा असेल तेव्हा व्हिरिडियन आणि अलिझरिन मिसळा. जवळजवळ काळा होतो, पण त्यात थोडं हिरवं किंवा लाल वाढवून तो शेजारच्या रंगाकडे झुकवता येतो. झिंक व्हाइट जाड थरात वापरू नका, तो काळाने ठिसूळ होऊन तडकतो.

रंग किती लागेल, हे लोक नेहमी कमी धरतात. ४० × ५० म्हणजे २००० चौरस सेंटिमीटर. सरासरी अर्धा मिलिमीटर थर धरला तर १०० मिलिलिटर रंग लागतो, म्हणजे ४० मिलिलिटरच्या अडीच ट्यूब. पांढरा, पिवळा, लाल यांची प्रत्येकी एक पूर्ण ट्यूब हाताशी ठेवा. रंग पुरवून पुरवून वापरला की तो ताणून पसरवावा लागतो, आणि ताणलेला रंग या चित्रात लगेच ओळखू येतो.

तैलपट

आणखी एक राहिलं. पिवळ्याचा उजेड वाढवायला त्यात पांढरा घालू नका. कॅडमियम यलो लाइट मुळातच उजेडात पांढऱ्याच्या जवळचा आहे. संदर्भाच्या छायाचित्रातून रंग काढून करडं करून पाहा, खात्री पटेल. पांढरा घातला की तो खडूसारखा आणि थंड होतो. गडद करायचा असेल तर ऑकर किंवा थोडा लाल घाला, काळा कधीच नाही, कारण पिवळ्यात काळा म्हणजे हिरवाच. हिरवट छटा मुद्दाम हवी असेल तर सुईच्या टोकाइतकं व्हिरिडियन पुरतं.

जुना_वाचक

चौथ्या प्रश्नाचं उत्तर बायबलच्या उताऱ्यात आहे. शेवटच्या भोजनाच्या वृत्तांतात दोन वेगळे क्षण आहेत आणि चित्रकार बहुतेक वेळा त्यांपैकी एकच निवडतो.

एक क्षण म्हणजे 'तुमच्यापैकी एक जण माझा विश्वासघात करील' असं येशू सांगतो तो. मत्तय २६, मार्क १४, योहान १३ इथे तो आहे. लिओनार्दोच्या मिलानमधल्या भित्तिचित्रात हाच क्षण आहे. तिथे लांब टेबल हवंच, कारण घोषणेचा धक्का टेबलभर पसरतो, शिष्य तीन-तीनच्या गटांत दचकतात, प्रत्येकाचा हात वेगळं बोलतो. प्रेक्षक त्या रांगेत विश्वासघातकी यहूदाला शोधतो.

दुसरा क्षण प्याल्याचा. येशू प्याला घेतो, उपकारस्तुती करतो आणि तो सर्वांना देताना त्याला कराराचं आपलं रक्त म्हणतो. मत्तय २६ मध्येच, त्या घोषणेनंतर काही ओवींनी. नोल्डेने हा क्षण घेतला आहे. त्याचा येशू दोन्ही हातांनी प्याला धरून बसला आहे, डोळे जवळजवळ मिटलेले. इथे कोणी दचकत नाही. शिष्य आत झुकतात, जवळ येतात. लांब टेबल ठेवलं असतं तर मध्ये अंतर आलं असतं. खोली ठेवली असती तर नजर भिंतीकडे गेली असती. म्हणून मोकळी जागा भरण्याचा प्रश्न उद्भवत नाही. दोन डोक्यांच्या फटीत जे उरतं तो खोलीचा भाग समजू नका. तो शेजारच्या वस्त्राचा किंवा केसांचाच गडद रंग आहे, तसाच रंगवा.

लाल वस्त्र आणि प्याला यांचं नातंही यातून कळतं. येशूच्या देहावरचा सगळ्यात मोठा लाल डाग आणि प्याल्यातलं रक्त, हे दोन्ही एकाच उभ्या पट्ट्यात आहेत. प्रत करताना तो लाल कुठेही दुसऱ्या वस्त्रावर तितक्याच तीव्रतेने वापरू नका. आजूबाजूचे लाल अर्ध्या पायरीने खाली आणा.

याच वर्षी नोल्डेने 'पेन्टेकॉस्ट'ही रंगवलं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २: शिष्यांवर अग्नीच्या जिभा उतरतात. तिथे प्रत्येक डोक्यावर ज्योत आहे, म्हणून प्रकाश अनेक ठिकाणी वाटला गेला आहे. 'शेवटचं भोजन'मध्ये तो एकाच चेहऱ्याशी गोळा झालेला आहे. दोन्ही चित्रं आकाराने जवळपास सारखी आहेत, त्यामुळे शेजारी ठेवून पाहायला फार उपयोगी.

कोरा_कॅनव्हास

दोघांचेही मनापासून आभार. प्याल्याचा क्षण लक्षात घेतल्यावर शिष्यांचं झुकणं एकदम उलगडलं.

दोन पुढचे प्रश्न. हेच ॲक्रिलिकमध्ये करता येईल का? सुकण्याची वाट पाहावी लागणार नाही म्हणून विचारतोय. आणि चेहऱ्यांना बाह्यरेषा द्यायची की नाही?

तैलपट

बाह्यरेषेचं आधी सांगतो, कारण मुखवट्याचा तुमचा तिसरा प्रश्न तिथेच सुटतो.

चेहरा मुखवटा का दिसतो? कारण आधी गोल काढून, त्यात डोळे-नाक-तोंड आखून, मग आत रंग भरला जातो. नोल्डेचे चेहरे उलट्या दिशेने घडले आहेत. रंगाचे डाग एकमेकांवर आदळतात आणि जिथे दोन डाग भेटतात तिथे नाक किंवा गालाची कड तयार होते. म्हणून प्रत्येक चेहऱ्यासाठी आधी चार-पाचच डाग ठरवा: कपाळ, उजेडाकडचा गाल, अंधाराकडचा गाल, डोळ्यांची खोबण, दाढी किंवा हनुवटी. ते रुंद चपट्या ब्रशने टाका, १० किंवा १२ नंबर. ते नीट बसले की चेहरा आधीच ओळखू येतो. मग डोळ्याला एक फटकारा, तोंडाला एक. डोळ्याची बाहुली, पापणी, चमक असं तपशिलात गेलात की मुखवटा परत येतो, कारण डोळा बाकीच्या चेहऱ्यापेक्षा जास्त पूर्ण होतो आणि भोकातून बघतोय असं वाटतं.

दुसरी तपासणी: सगळे चेहरे एकाच उजेडाचे झालेत का ते पाहा. डोळे बारीक करून पाहिल्यावर मधला चेहरा आणि झगा पहिले दिसले पाहिजेत, मग आतल्या रांगेतली डोकी, आणि कडेची डोकी वस्त्रांत मिसळून गेली पाहिजेत. कडेचा एखादा चेहरा मधल्याइतका उठून आला तर तो लगेच बुजवा, तो कितीही छान जमला असला तरी.

जाता जाता, खरेखुरे मुखवटे नोल्डेने १९११ मध्ये स्वतंत्र विषय म्हणून रंगवले आहेत. त्या वर्षी तो बेल्जियमला मुखवटे रंगवणारा चित्रकार जेम्स एन्सोर यालाही भेटला. ती चित्रं आणि १९०९ चे चेहरे यांत गल्लत करू नका.

ॲक्रिलिक चालेल, पण वेगळे त्रास आहेत. तो सुकताना थोडा गडद होतो, म्हणून गडद भाग ठरवल्यापेक्षा अर्धी पायरी उजळ लावा. ॲक्रिलिकमधले बरेच बिगर-कॅडमियम पिवळे पारदर्शक असतात, त्याखाली पांढऱ्याचा पूर्ण सुका थर लागतो. आणि ओल्यात ओला रंग ओढून जो फटकाऱ्याचा मऊ काठ येतो, तो काही मिनिटांत रंग धरल्यामुळे येत नाही. सुकणं लांबवणारं माध्यम मिसळावं लागेल, शिवाय जाडीसाठी जेल. फायदा एवढाच की मधली कोरी पट्टी सोडावी लागत नाही.

तैलरंगात जाड थर स्पर्शाला सुकायला आठवडा ते पंधरा दिवस धरा. घाईने वर टर्पेंटाइनने पातळ केलेला रंग लावला तर तो आधी सुकतो, खालचा नंतर आक्रसतो आणि वरचा तडकतो. वरच्या थरात तेल जास्त, खालच्यात कमी, हा नियम इथेही आहेच. पण जवसाचं तेल फार ओतलं तर वर साय धरून सुरकुत्या पडतात. ट्यूबमधून निघतो तसाच रंग वापरणं सगळ्यात सुरक्षित. व्हार्निश सहा महिने ते वर्षभर थांबून.

चित्रशाळा

रंगांच्या विश्वासार्हतेबद्दल: मूळ चित्र कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात, स्टाटेन्स म्युझियम फॉर कुन्स्टमध्ये आहे. त्यांच्या संग्रहाच्या नोंदीतलं छायाचित्र हा पहिला आधार धरा. जुन्या छापील पुस्तकांत लाल फुगवलेला असतो, आणि मोबाइलचा पडदा आपण होऊन रंग भडक करतो. सोपी पडताळणी म्हणजे झगा. येशूच्या पांढऱ्या झग्यात सगळीकडे एकच पिवळसर किंवा एकच गुलाबी झाक दिसत असेल तर ती प्रत बाजूला ठेवा. पांढऱ्यात जागोजागी वेगवेगळ्या थंड-उबदार छटा दिसल्या पाहिजेत.

कॉपीराइटही लक्षात ठेवा. नोल्डेचं निधन १३ एप्रिल १९५६ ला झालं. जर्मनी आणि डेन्मार्कमध्ये हक्क निधनानंतर ७० वर्षं, वर्षअखेरपर्यंत चालतात, म्हणजे ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. स्वतःच्या अभ्यासासाठी हाताने प्रत करायला अडचण नाही. प्रत विकणं किंवा तिचं छायाचित्र छापणं ही वेगळी गोष्ट. कॅनव्हासच्या मागे 'नोल्डेवरून' असं, वर्षासह, न पुसता येईल असं लिहा. आकार मूळपेक्षा लहान आहे हे त्यासाठीही चांगलं.

थोडा इतिहास, कारण चित्र समजायला लागतो. नोल्डेने ही धार्मिक चित्रं १९०९ च्या उन्हाळ्यात जर्मन-डॅनिश सीमाभागातल्या रुटेबुल इथे सुरू केली. 'पेन्टेकॉस्ट' बर्लिन सेसेशन या कलावंतांच्या संघटनेने १९१० मध्ये नाकारलं. नोल्डेने संघटनेचा अध्यक्ष मॅक्स लीबरमान याच्यावर जाहीर पत्रातून हल्ला चढवला आणि त्याला संघटनेतून काढलं गेलं. 'शेवटचं भोजन' १९१३ मध्ये हाले शहराच्या संग्रहालयासाठी तिथला संचालक माक्स झाउअरलांट याने घेतलं, तेव्हा बर्लिनच्या संग्रहालयांचा प्रमुख विल्हेल्म फॉन बोडे याने त्या खरेदीवर टीका केली. १९११-१२ मध्ये नोल्डेने नऊ चित्रांचा 'ख्रिस्ताचं जीवन' हा संच केला. मध्ये मोठं 'वधस्तंभ', दोन्ही बाजूंना चार-चार लहान चित्रं. तो आज उत्तर जर्मनीतल्या झेबुल इथे नोल्डेच्या प्रतिष्ठानाकडे आहे. १९३७ मध्ये म्युनिकला नाझींनी भरवलेल्या 'अधःपतित कला' प्रदर्शनात हाच संच थट्टेसाठी टांगला होता. त्या मोहिमेत जर्मन संग्रहालयांतून नोल्डेच्या हजाराहून अधिक कृती जप्त झाल्या, इतर कुठल्याही चित्रकारापेक्षा जास्त.

यावरून तो नाझीविरोधी होता असा समज पुष्कळ वर्षं पसरला. तो खोटा आहे. नोल्डे नाझी पक्षाचा सदस्य होता, ज्यूद्वेष्टा होता, आणि जप्तीनंतरही राजवटीची मर्जी मिळवायची धडपड करत राहिला. १९४१ मध्ये त्याच्यावर व्यवसायबंदी आली तरी त्याची मतं बदलली नाहीत. २०१९ मध्ये बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात कागदपत्रांसह हे मांडलं गेलं. लीबरमान ज्यू होता, हेही त्या पत्रासोबत वाचावं लागतं. शिष्यांना त्याने जाणीवपूर्वक ज्यू चेहरेपट्टी दिली. त्या चेहऱ्यांची प्रत करताना नाक, ओठ, दाढी आणखी ताणून गंमत आणायचा मोह टाळा. जेवढं विरूपण मूळ चित्रात आहे तेवढंच घ्या, चौकोनाच्या रेषेवर मोजून.

जुना_वाचक

चित्रशाळा यांनी हे स्पष्ट लिहिलं ते फार बरं झालं. चित्र थोर आहे असं मी मानतो, आणि चित्रकाराचं वर्तन झाकायची त्यासाठी काहीच गरज नाही.

कोरा_कॅनव्हास, ही प्रत झाल्यावर लगेच दुसरी नोल्डे घेऊ नका. जर्मन चित्रकार माक्स बेकमानचं १९१७ चं 'ख्रिस्त आणि व्यभिचारी स्त्री' घ्या, ते सेंट लुइसच्या कला संग्रहालयात आहे. योहान ८ चा प्रसंग: जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड मारावा. बेकमान पहिल्या महायुद्धात वैद्यकीय सेवक होता, १९१५ मध्ये मानसिकदृष्ट्या कोसळला, आणि फ्रँकफर्टला येऊन त्याने हे रंगवलं. रंगाचा थर पातळ आणि कोरडा, रेषा कडक, देह कोनदार, गर्दी वरून खाली दाबल्यासारखी. नोल्डेत गर्दी मायेने जवळ येते, इथे ती मारायला येते, आणि येशूचे दोन हात तिला थोपवतात व स्त्रीला सावरतात. तिथे सुरुवात रेखाटनापासूनच करावी लागेल, आणि रंगही तिथे मूठभरच लागतो.

कोरा_कॅनव्हास

बेकमानचं नाव टिपून ठेवलं. एकच शेवटचं: प्याला आणि हात कधी रंगवायचे, चेहऱ्याबरोबर की शेवटी?

तैलपट

चेहऱ्याबरोबरच, त्याच बैठकीत, त्याच पॅलेटवरच्या पिवळ्याने. हात दुसऱ्या दिवशी नव्याने मिसळलेल्या पिवळ्यात केले की ते दुसऱ्या माणसाचे वाटतात. त्यासाठी चेहऱ्याचा पिवळा लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट मिसळून ठेवा. प्याल्याची कड मात्र कोरी सोडा आणि लाल वस्त्र सुकल्यावर शेवटी, एका फटकाऱ्यात घाला.